२७–१०३ : गुणफलकाकडे पाठ फिरवू नका

सत्तावीस विरुद्ध एकशे तीन. हा आकडा प्रथम वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल. पण ती चूक नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत जपानच्या मुलींनी १०३ गुण केले आणि भारताच्या मुलींनी २७. मैदान आपले, प्रेक्षक आपले, यजमानपदाचा मान आपला, आणि हार मात्र तब्बल ७६ गुणांची!

आम्ही या संघाचे चाहते आहोत. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी बास्केटबॉलचा चाहता म्हणजे एकटा जीव. चहाच्या टपरीवर क्रिकेटची चर्चा, जत्रेत कुस्तीची आणि शाळेच्या पटांगणावर कबड्डीची. महिलांच्या बास्केटबॉलचे नाव काढले की लोक विचारतात, "आपल्या पोरी असलंही खेळतात का?" खेळतात. आणि हरतातही. त्या दिवशी त्या हरल्या तेव्हा मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर आम्ही शेवटच्या शिट्टीपर्यंत सामना पाहिला. घरातले म्हणत होते, "बंद करा आता, काय उरलं त्यात?" आमचे म्हणणे असे की, जे उरले होते तेच पाहण्यासारखे होते. जिंकलेला सामना कोणीही पाहतो. एवढ्या फरकाने हरलेला सामना पाहिला, तर आपण कोठे उभे आहोत ते कळते. या लेखात त्याच हिशेबाविषयी बोलायचे आहे.

डाव समान, हिशेब असमान

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदान. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. दोन्ही टोकांना जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट उंचीवर लोखंडी कडी आणि तिला जाळी. चेंडू हातात धरून पळता येत नाही. जमिनीवर टप्पे मारत न्यावा लागतो, नाहीतर सोबतिणीकडे फेकावा लागतो. जवळून कडीत टाकला तर दोन गुण, ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. दहा-दहा मिनिटांचे चार भाग, एकूण ४० मिनिटे. चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांच्या आत कडीकडे फेक झालीच पाहिजे. नाही झाली तर चेंडू समोरच्यांना.

या खेळाचा एक नियम आम्हाला फार विचार करायला लावतो. एका संघाने गुण केला की चेंडू दुसऱ्या संघाच्या हाती जातो. कबड्डीत गडी बाद होत गेले की संघ दुबळा होत जातो. बास्केटबॉलमध्ये तसे नाही. गडी पाचच राहतात आणि प्रत्येक गुणानंतर पाळी बदलते. जपानने बास्केट केली की चेंडू भारताला, भारताने केली की जपानला. म्हणजे दोन्ही संघांच्या पाळ्या जवळजवळ सारख्याच होतात. संधी दोघांनाही तेवढीच मिळते.

आणि तरीही २७–१०३!

चाळीस मिनिटांचे सेकंद होतात २४००. जपानने दर २३ सेकंदांना एक गुण केला. भारताला एका गुणासाठी ८९ सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड मिनिट लागले. पंच तोच, कडीची उंची तीच, चेंडू तोच. मग फरक कोठे पडला? फरक मैदानात पाऊल ठेवण्याच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत पडला. नियमाने पाळी सारखी वाटून दिली, पण त्या पाळीचे काय करायचे याची तयारी नियम वाटून देत नाही. ती तयारी घरात, शाळेत, गावच्या पटांगणावर व्हावी लागते. आमच्या वाचकांना ही गोष्ट खेळापुरतीच आहे असे वाटणार नाही.

फरक वाढत कसा जातो

एकतर्फी सामन्याची एक रीत असते. बलवान संघ गुण केल्यावर मागे फिरून आपल्या कडीखाली उभा राहत नाही. तो तिथल्या तिथे अंगावर येतो. समोरच्या मुलीने चेंडू आत घेतला की दोघी तिला घेरतात. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते, म्हणून ती घाईत चेंडू फेकते. तिसरी टपून बसलेलीच असते. ती तो मधल्यामध्ये उडवते आणि दोन पावलांत पुन्हा गुण. म्हणजे कमजोर संघाला मिळालेली पाळी कडीपर्यंत पोहोचतच नाही. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी चेंडू हातात घ्यायचीच भीती वाटते. पाय जड होतात, हात आखडतो.

बलवान संघाच्या बाकावर बसलेल्या खेळाडूही तेवढ्याच तयारीच्या असतात. पहिल्या पाच दमल्या तर दुसऱ्या पाच ताज्या दमाने येतात. आपल्याकडे पहिल्या पाच-सहा मुली चांगल्या असतात, मात्र त्यांच्यामागे रांग नसते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत दिसणारा फरक शेवटच्या दहा मिनिटांत आणखी फुगतो. एका-दोघींच्या गुणवत्तेने ही दरी बुजत नाही. ती रुंद पायावरच बुजते.

जपानमध्ये हा पाया कसा घातला आहे? तेथे प्राथमिक शाळेतील मुलांसाठी 'मिनी बास्केटबॉल' आहे. कडी ठेंगणी, २.६० मीटरची आणि चेंडू लहान. म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरगीही चेंडू कडीत टाकू शकते आणि खेळाची गोडी लागते. पुढे माध्यमिक शाळांचे संघ, त्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धा आणि शाळा संपल्यावर मोठ्या कंपन्यांचे महिला संघ. टोयोटा, फुजित्सू, एनिओस अशा कंपन्यांचे संघ तेथील महिला लीगमध्ये खेळतात. खेळणाऱ्या मुलीला आठव्या वर्षापासून तिशीपर्यंत एकामागून एक पायरी पायाखाली सापडते.

आपल्याकडे रेल्वेने आणि केरळसारख्या राज्यात वीज मंडळाने मुलींना नोकऱ्या देऊन खेळ टिकवला. देशातील नावाजलेल्या अनेक महिला खेळाडू याच वाटेने आल्या. ही वाट चांगली, पण अरुंद. जिंतूर-सेलूकडच्या मुलीला त्या वाटेचे तोंडही दिसत नाही.

"बुटके कसे जिंकणार?"

हरल्यावर आपल्याकडे एक कारण तयार असते: आपली उंची कमी. बास्केटबॉलमध्ये उंची मोलाची असते हे खरे. परंतु ज्या जपानने आपल्याला हरवले तो काही राक्षसांचा संघ नव्हे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जे २०२१ साली झाले, जपानच्या महिलांनी रौप्यपदक मिळवले. त्या संघाची सूत्रधार रुई माचिदा. तिची उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट चार इंच. आपल्या वस्तीत अशा उंचीच्या कितीतरी मुली आहेत. या माचिदाने उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध सोबतिणींना अठरा वेळा असा चेंडू पुरवला की त्यांनी त्यावर बास्केट केली. ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात एवढे कोणत्याही स्त्रीने पूर्वी केले नव्हते. जपान तो सामना ८७–७१ ने जिंकला.

तेव्हा उंचीची सबब पुरेशी नाही. पळण्याचा दम, नेमका पास आणि लांबून अचूक फेक या तीन गोष्टींवर जपान उभा आहे. आणि या तीनही गोष्टी सरावाने येतात.

मोठमोठे हरले आहेत

आज जगात महिला बास्केटबॉलमध्ये अमेरिकेचा दबदबा आहे. १९९६ च्या अटलांटापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग आठ ऑलिम्पिक सुवर्णपदके त्यांनी घेतली. पण १९७६ साली माँट्रियलमध्ये हा खेळ महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये प्रथम आला, तेव्हा याच अमेरिकेला सोव्हिएत संघाने ११२–७७ असे ३५ गुणांनी हरवले होते. सोव्हिएत संघात उल्याना सेम्योनोव्हा ही सात फुटांच्या आसपास उंचीची खेळाडू होती; तिच्यापुढे अमेरिकी मुलींचे काही चालले नाही. अमेरिकेने तेव्हा हात टेकले नाहीत. तेथे १९७२ साली कायदा झाला होता की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलामुलींत भेदभाव करायचा नाही. त्या कायद्याच्या आधारे शाळा-महाविद्यालयांत मुलींच्या खेळाला जागा, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या मिळत गेल्या. पुढची पदके त्या पायावर उभी आहेत.

जपानचेही तसेच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेने जपानला ११०–६४ असे ४६ गुणांनी झोपवले. पाच वर्षांनी टोकियोच्या अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर आले. अमेरिका जिंकली, पण ९०–७५. सेहेचाळीसचा फरक पंधरावर आला. आशियात तर जपानने २०१३ ते २०२१ या काळात सलग पाच वेळा अजिंक्यपद मिळवले. २०२३ साली चीनने ७३–७१ अशा दोन गुणांच्या निसटत्या विजयाने ती मालिका तोडली. कोणी जन्मतः हरणारा नसतो आणि कोणी कायमचा जिंकणारा नसतो, हे एवढ्यावरून कळावे.

आपल्या मुलींचा हिशेब

मग भारताचे काय? न्यायाने बोलायचे तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

याच बंगळुरूत २०१७ साली आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळवला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने भारताचे कर्णधारपद सांभाळले. तेथे इंडोनेशिया व मंगोलियाला हरवून आपला संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. म्हणजे २०१९ मध्ये जपानसमोर उभ्या राहिलेल्या मुली ती जागा लढून मिळवून आल्या होत्या. खालच्या वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वरच्या वर्गात गेला की त्याला पहिली परीक्षा जड जाते, तसे ते झाले. त्याच स्पर्धेत सातव्या-आठव्या स्थानाच्या सामन्यात फिलिपिन्सकडून आपण हरलो, मात्र ७८–९२ असे. जपानपुढे सत्तावीसवर अडकलेल्या मुलींनी फिलिपिन्सविरुद्ध अठ्ठ्याहत्तर गुण केले. मान खाली घालून बसल्या असत्या तर हे झाले नसते. आठ संघांत आपला क्रमांक आठवा आला, हेही तितकेच खरे.

दोन वर्षांनी, २०२१ साली, जॉर्डनच्या अम्मान शहरात पुन्हा जपान समोर आला. निकाल ४६–१३६. आपले गुण २७ वरून ४६ झाले. पण त्यांचे १०३ वरून १३६ झाले. आपण पुढे सरकलो, ते आपल्यापेक्षा अधिक वेगाने सरकले. नुसते "आपण सुधारलो" म्हणणे जसे अर्धसत्य, तसेच नुसते "आणखी वाईट हरलो" म्हणणेही अर्धसत्य.

आता आणखी एक निकाल ऐका. बंगळुरूच्या पराभवानंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर २०१९ मध्ये, काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने यजमान नेपाळला हरवले. गुण होते १२७–४६. फरक ८१ चा! बंगळुरूत आपल्या प्रेक्षकांना जे वाटले असेल, तेच तेथे नेपाळी प्रेक्षकांना वाटले असेल. त्या नेपाळी मुलींना आपण हसणार काय? हसलो तर जपानी माणसाने आपल्याला हसले पाहिजे. ज्याने स्वतः ७६ गुणांची हार पाहिली आहे, त्याला दुसऱ्याच्या ८१ गुणांच्या हारीची किंमत कळलीच पाहिजे.

आपल्या वस्तीतली गोष्ट

एवढ्या दूरच्या सामन्यांबद्दल आम्ही एवढे का लिहितो, असे कोणी विचारील. कारण हीच गोष्ट आपल्या दारात घडते.

तालुक्याच्या एका शाळेतील मुली स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. सकाळच्या एसटीने, डबा बांधून, काहींच्या पायात कॅनव्हासचे जुने बूट, काहींच्या पायात तेही नाहीत. समोर शहरातला संघ. त्यांच्याकडे सिमेंटचे मैदान, रोजचा सराव, शिकवणारे गुरुजी. आपल्या मुलींनी मातीवर सराव केलेला, तोही चेंडूत हवा असेल त्या दिवशी. मोठ्या फरकाने हरून संध्याकाळी त्या परत येतात. वस्तीत शिरताच कोणीतरी विचारते, "काय गं, किती खाल्ले?" आणि हशा पिकतो. घरी आजी म्हणते, "माय, लेकराला कशाला धाडतीस असला मार खायाला? त्यापरीस घरी चार भांडी घासली तर कामाला येतील." दुसऱ्या दिवशी ती मुलगी मैदानावर जात नाही. तिसऱ्या दिवशीही जात नाही. आणि एक खेळाडू संपते.

ती मुलगी हरली म्हणून खेळ सुटला नाही. हरून आल्यावर घराने आणि वस्तीने जे केले त्याने सुटला. मुलगा क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होऊन आला तर आपण त्याची बॅट काढून घेतो काय? मुलगी मात्र पहिल्याच मोठ्या हारीला घरी बसते. मुलासाठी हार हा खेळाचा भाग, आणि मुलीसाठी ती खेळ सोडण्याचे निमित्त! हा दुजाभाव आपल्या घरांतून गेला पाहिजे.

कोणी म्हणेल, हा मुळात पुरुषांचा खेळ. तसेही नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. १८९२ साली सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने जवळच्याच स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकवला. म्हणजे हा खेळ जेवढा मुलांचा जुना, जवळजवळ तेवढाच मुलींचाही.

आपल्याला काय करता येईल

आपण कष्टकरी माणसे. कोणाचा बाप बांधकामावर, कोणाची आई निंदणी-खुरपणीला, कोणी नगरपालिकेत, कोणी हमालीवर. जपानसारखे मैदान आपण उभे करू शकत नाही. पण काही गोष्टी पैशावाचून होतात.

पहिली गोष्ट, मुलीचा खेळाचा तास राखून ठेवा. संध्याकाळचा पाऊण तास पाणी भरणे, भांडी आणि धाकट्याला सांभाळणे यांतून तिला मोकळा द्या. ते काम घरातल्या मुलाला सांगा. त्याचेही हात झिजणार नाहीत.

दुसरी, तिच्या पोटाकडे पाहा. पळणाऱ्या मुलीला शेंगदाणे, गूळ, फुटाणे, डाळ, जमेल तेव्हा अंडे मिळाले पाहिजे. घरातली बाई व मुलगी सर्वांत शेवटी, उरलेले जेवतात, ही पद्धत मोडा. रक्त कमी असलेली मुलगी चौथ्या भागात पळू शकत नाही, मग ती कितीही हुशार असो.

तिसरी, शाळेला विचारा. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि त्यांत बास्केटबॉलही आहे. आपल्या शाळेचा मुलींचा संघ जातो का? जात नसेल तर का नाही? चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे गेले तर उत्तर द्यावे लागते. खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यांच्या अटी असतात, प्रमाणपत्रांची पडताळणी असते. परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट माहिती घ्या आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा. उद्या तोच कागद कामाला येतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: मुलगी हरून आली तर तिला निकाल विचारा. लपवू देऊ नका आणि हसूही नका. "किती फरकाने?" असे विचारल्यावर पुढचा प्रश्न विचारा: "मागच्या वेळी किती होता?" मग तिसरा विचारा: "तुझ्या हातून काय चांगलं झालं, आणि काय राहिलं?" या तीन प्रश्नांची उत्तरे तिने वहीत लिहून ठेवली, तर ती वही कोणत्याही प्रशिक्षकाच्या तोडीची होईल. रिओच्या ४६ चे टोकियोत १५ झाले, ते असाच हिशेब ठेवून आणि मधली पाच वर्षे घाम गाळून.

जपानपुढे उभ्या राहिलेल्या आपल्या बारा मुलींनी त्या चाळीस मिनिटांत मैदान सोडले नाही. गुणफलकावर ऐंशीचा, नव्वदीचा आकडा चढत असताना त्या चेंडू आत घेत राहिल्या, पाळी आली की कडीकडे धावत राहिल्या. आम्हा चाहत्यांचे काम त्यांच्यापेक्षा फार सोपे आहे. आपण फक्त शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवर बसायचे, निकाल खरा खरा लिहून घ्यायचा आणि पुढच्या सामन्याला पुन्हा यायचे. संघ देशाचा असो की आपल्या वस्तीतल्या मुलींचा, नियम तोच.